मालदीवचा पांढराशुभ्र किनारा जागेवर ठेवण्यासाठी काय काय करावं लागतं?

इन्स्टाग्रामवर मालदीवचं कुठलंही रील उघडा, दृश्य साधारण एकच असतं. निळंशार पाणी, पाण्यावर उभ्या लाकडी व्हिला आणि बेटाभोवती पांढऱ्या वाळूचा अखंड पट्टा. या दृश्याची आपल्याकडे किती भुरळ आहे ते आकड्यातही दिसतं. २०२३ मध्ये भारतातून २ लाखांहून अधिक पर्यटक मालदीवला गेले आणि त्या वर्षी तिथे सर्वाधिक पर्यटक पाठवणारा देश भारतच होता.

रीलमध्ये दोन गोष्टी मात्र दिसत नाहीत. एक म्हणजे, तो वाळूचा पट्टा अनेक बेटांवर निसर्गाने आणून टाकलेला नसतो. शेजारच्या उथळ समुद्रातून वाळू उपसून, पंपाने ती किनाऱ्यावर ओतलेली असते. आणि दुसरी म्हणजे, झाडांच्या आड त्याच बेटावर डिझेलवर चालणारं वीजघर असतं, समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प असतो, सांडपाण्याची टाकी असते आणि कचरा जाळायची भट्टी असते.

ही दोन्ही कामं सुरू करण्याआधी त्यांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे तपासणं मालदीवच्या कायद्याने बंधनकारक आहे. या तपासणीत नेमकं काय पाहतात? आणि तपासणी होऊनही नुकसान का होतं? समजून घेऊया.

मुळात ही वाळू येते कुठून?

कोकणातल्या किनाऱ्यावरची वाळू बरीचशी डोंगरातून, नद्यांमधून येते. मालदीवमध्ये ना डोंगर, ना नद्या. सुमारे १,२०० बेटांचा हा देश समुद्रसपाटीपासून सरासरी जेमतेम दीड मीटर उंच आहे. ही बेटं म्हणजे प्रवाळांच्या खडकावर साचलेले वाळूचे ढीग आहेत.

ही वाळू सजीवांनी तयार केलेली असते. मेलेल्या प्रवाळांचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा आणि सूक्ष्मजीवांची कवचं तिच्यात असतात. पण सगळ्यात मोठा कारागीर आहे पोपटमासा. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळ खडकावरचं शेवाळ खरवडतो, त्यासोबत खडकाचा चुराही गिळतो आणि पचन झाल्यावर तो वाळू म्हणून बाहेर टाकतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाच्या प्रवाळ खडकावर शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांच्या पोटातून येते.

म्हणजे प्रवाळ खडक हा या बेटांचा वाळूचा कारखाना आहे. तोच खडक लाटांचा जोर अंगावर घेतो, त्यामुळे तो बेटाची भिंतही आहे. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

किनारा खचतो की नुसता सरकतो?

मालदीवमध्ये वर्षाचे दोन मुख्य हंगाम असतात. साधारण मे ते नोव्हेंबर या काळातल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना तिथल्या धिवेही भाषेत 'हुळंगू' म्हणतात. त्यानंतरच्या कोरड्या ईशान्य मोसमी हंगामाला म्हणतात 'इरुवाई'. वाऱ्याची दिशा बदलली की लाटांची आणि प्रवाहाची दिशाही बदलते. त्यामुळे हुळंगूमध्ये पश्चिमेकडची वाळू पूर्वेकडे जाते आणि इरुवाईमध्ये ती पुन्हा परतते.

काही बेटांवर एका हंगामात किनारारेषा ५० मीटरपर्यंत सरकल्याची मोजमापं आहेत. वर्षाचा हिशेब मांडला तर मात्र बेटावरची एकूण वाळू फारशी कमी झालेली नसते. वाळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन आलेली असते, इतकंच.

पूर्वीच्या मालदीवी माणसाला यात काही अडचण नव्हती. घरं बेटाच्या आतल्या भागात, मध्ये झाडझाडोरा आणि त्यापुढे किनारा अशी रचना असे. रिसॉर्टचं गणित वेगळं असतं. तिथे व्हिला किनाऱ्यालगत बांधलेल्या असतात आणि प्रत्येक व्हिलासमोर बाराही महिने वाळू असेल असं पाहुण्याला सांगितलेलं असतं. निसर्गाच्या वेळापत्रकाप्रमाणे सहा महिने एका बाजूच्या खोल्यांसमोर वाळू नसणार. त्या खोल्यांचं भाडं कमी करता येत नाही, मग किनारा 'दुरुस्त' करायला काढला जातो.

म्हणूनच परिणाम तपासणाऱ्याचा पहिला प्रश्न असायला हवा, की ही खरोखर धूप आहे की हंगामी सरकणं? त्यासाठी जुनी हवाई छायाचित्रं, उपग्रह चित्रं आणि दोन्ही हंगामांतली मोजमापं लागतात. एकाच हंगामात चार दिवस जाऊन केलेल्या पाहणीतून याचं उत्तर मिळत नाही.

वाळू ओतल्याने काय बिघडतं?

किनारा भरण्याची पद्धत साधी आहे. बेटाजवळच्या उथळ, शांत पाण्यात, म्हणजे लगूनमध्ये पंप लावतात. तळातली वाळू पाण्यासकट शोषली जाते आणि नळातून किनाऱ्यावर येऊन पडते. पाणी परत समुद्रात जातं, वाळू मागे राहते.

ते परत जाणारं पाणीच सगळ्यात जास्त त्रास देतं. त्यात पिठासारखा बारीक गाळ असतो. तो पाण्यात ढगासारखा पसरतो आणि प्रवाहासोबत प्रवाळांपर्यंत पोहोचतो. प्रवाळांच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना अन्न बनवायला सूर्यप्रकाश लागतो. गढूळ पाण्यात तो कमी पडतो. वरून गाळ बसला की तो झटकण्यात प्रवाळांची ताकद खर्च होते आणि थर जाड झाला तर ते गुदमरतात. नव्या प्रवाळ अळ्यांनाही चिकटायला स्वच्छ, कठीण पृष्ठभाग लागतो, गाळावर त्या टिकत नाहीत.

जिथून वाळू उपसली, तिथेही बदल होतो. तळाला खड्डा पडतो, लाटांचं वागणं बदलतं आणि किनाऱ्यावरची वाळू हळूहळू त्याच खड्ड्याकडे ओढली जाऊ शकते. उपशात समुद्री गवताचे पट्टेही जातात. हिरवी कासवं या गवतावर जगतात, माशांची पिल्लं त्यात वाढतात आणि गवताच्या मुळांमुळे तळातली वाळू धरून राहते. मात्र निळ्या पाण्यात हे गवत काळपट डागांसारखं दिसतं, म्हणून अनेक रिसॉर्ट ते मुद्दाम काढून टाकत. त्याविरोधात २०१९ मध्ये तिथे समुद्री गवत वाचवण्याची मोहीम झाली आणि बऱ्याच रिसॉर्टनी आपल्या भागातलं गवत राखण्याचं जाहीर केलं.

प्रश्न कासवांच्या घरट्यांचाही आहे. वेळासच्या कासव महोत्सवामुळे मराठी वाचकांना हे माहीत आहे, की मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते. ओतलेली वाळू यंत्रांनी दाबून घट्ट झाली किंवा तिचे कण मूळ वाळूपेक्षा वेगळे असले तर मादीला नीट खड्डा करता येत नाही. किनाऱ्यावर रात्रभर दिवे असतील तर ती वर येणंच टाळते.

यावर उपाय आहेत. गाळ अडवणारे पडदे लावायचे, किनाऱ्यावर आधी वाळूचा बांध घालून पाणी निथळू द्यायचं, प्रवाळांच्या प्रजननाच्या काळात काम बंद ठेवायचं, प्रवाह प्रवाळांपासून दूर जात असेल असा हंगाम निवडायचा आणि पाण्याचा गढूळपणा रोज मोजून मर्यादा ओलांडली की पंप थांबवायचा. चांगल्या अहवालात या सगळ्या अटी असतात. खरी परीक्षा काम सुरू झाल्यावर होते, कारण पंप दिवसाच्या भाड्याने आलेला असतो आणि तो थांबवणं कंत्राटदाराला परवडत नाही.

मग दगडी बांध घालून टाकावा का?

ओतलेली वाळूही एक-दोन हंगामांत सरकतेच. मग ती धरून ठेवण्यासाठी किनाऱ्यापासून समुद्रात आडवे बांध काढतात किंवा समोर दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घालतात. कोकणातल्या अनेक गावांना हा बंधारा ओळखीचा आहे. बंधारा जिथे संपतो तिथून पुढे धूप वाढते, हा अनुभवही नवा नाही.

बेट लहान आणि गोल असल्याने तिथे हे लवकर जाणवतं. बांधाच्या एका बाजूला वाळू साचते, दुसऱ्या बाजूची उपाशी राहते. त्या बाजूला आणखी एक बांध लागतो. असं करत करत बेटाला बांधांचं कुंपण होतं, आणि हंगामाप्रमाणे वाळू बेटाभोवती फिरण्याची वाटच बंद होते.

झाडांमागचं छोटं शहर

मालदीवमध्ये १९७२ साली पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. तेव्हापासून तिथलं सूत्र आहे 'एक बेट, एक रिसॉर्ट'. यात पाहुण्यांना एकांत मिळतो, पण वीज, पाणी, सांडपाणी आणि कचरा या चारही गोष्टी प्रत्येक बेटाला स्वतःच्या स्वतः कराव्या लागतात. म्हणजे प्रत्येक रिसॉर्ट ही एक छोटी नगरपालिकाच असते.

आधी पाणी पाहू. वाळूच्या बेटाखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. तो जास्त उपसला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि नारळासकट सगळी झाडं धोक्यात येतात. म्हणून रिसॉर्ट समुद्राचं पाणी आरओ पद्धतीने गोडं करतात. १०० लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन किलो मीठ असतं. त्यातून ४० लिटर गोडं पाणी काढलं, तर जवळजवळ सगळं मीठ उरलेल्या ६० लिटरमध्ये जातं. हे पाणी समुद्रापेक्षा सुमारे दीडपटीहून जास्त खारट आणि जड असतं. ते समुद्रातच सोडतात. खोल, वाहत्या पाण्यात सोडलं तर लवकर मिसळतं. उथळ लगूनमध्ये सोडलं तर तळाशी साचून राहतं, आणि तळाशीच प्रवाळ आणि गवत असतं. त्यामुळे नळाचं तोंड कुठे उघडतं, या एका प्रश्नावर बरंच काही ठरतं.

पाणी गोडं करायला वीज लागते आणि ती मुख्यतः डिझेलवर बनते. डिझेल बोटीने येतं, टाक्यांत साठवलं जातं. टाकीभोवती गळती अडवणारा कठडा नसेल तर सांडलेलं तेल वाळूतून थेट खालच्या गोड्या पाण्यात उतरतं. आता सौर पॅनेल वाढत आहेत, पण बेटावर जागा आहे ती मुख्यतः छपरांचीच.

या व्यवस्थेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेतल्या निःक्षारीकरण प्रकल्पाला आग लागली आणि सुमारे एक लाख लोकांचं पाणी एका फटक्यात बंद झालं. तेव्हा भारताने 'ऑपरेशन नीर' राबवलं. हवाई दलाच्या विमानांनी बाटल्या पोहोचवल्या आणि नौदलाचं 'आयएनएस दीपक' हे जहाज मुंबईहून पाणी घेऊन गेलं.

सांडपाण्याचं नुकसान सगळ्यात शांतपणे होतं. प्रक्रिया अर्धवट झाली की पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस उरतात. प्रवाळ कमी पोषकद्रव्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढतात. पाण्याला असं 'खत' मिळालं की शेवाळ माजतं आणि प्रवाळांवर चढतं. लॉन, बागा आणि स्पा यांची भर त्यात पडतेच.

राहिला कचरा. रिसॉर्टना भट्टी, बाटल्या फोडणारं यंत्र आणि डबे दाबणारं यंत्र ठेवण्याचा नियम आहे. पण राख आणि न जळणारा कचरा शेवटी बेटाबाहेरच जातो. मालेजवळचं थिलाफुशी हे बेट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून असा कचरा टाकून, भराव घालूनच वाढत गेलं आहे.

परवानगी मिळते कशी?

मालदीवचा पर्यावरण संरक्षण कायदा १९९३ चा आहे. पर्यावरणावर परिणाम करू शकेल असा कोणताही प्रकल्प सुरू करण्यापूर्वी परिणाम मूल्यांकनाचा अहवाल द्यायला हवा, असं तो सांगतो. त्याचे सविस्तर नियम २००७ मध्ये आले आणि २०१२ मध्ये सुधारले गेले.

प्रक्रिया अशी चालते. रिसॉर्ट अर्ज करतं. पर्यावरणाचं नियमन करणारी सरकारी यंत्रणा सविस्तर मूल्यांकनाची गरज आहे का ते ठरवते. मग कशाकशाचा अभ्यास करायचा याची यादी पक्की होते. नोंदणीकृत सल्लागार अहवाल तयार करतो. त्यात प्रवाळ आणि माशांची सद्यःस्थिती, प्रवाह, खोली आणि पाण्याचा दर्जा यांच्या नोंदी असतात. दुसरे कोणते पर्याय होते आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हेही लिहावं लागतं. शेवटी ती यंत्रणा अटींसह होकार किंवा नकार देते.

कागदावर ही रचना चांगली आहे. अडचणी तीन आहेत.

पहिली, सल्लागाराचे पैसे रिसॉर्टच देतं. भारतातही हीच पद्धत आहे आणि तिच्यावरची टीकाही तीच आहे. ज्याच्या प्रकल्पात खोट काढायची, त्याच्याकडूनच मानधन घ्यायचं.

दुसरी, परवानगीपर्यंत सगळी धावपळ होते आणि नंतरच्या देखरेखीला माणसं कमी पडतात. शेकडो किलोमीटर पसरलेल्या बेटांवर अधिकारी बोटीने पोहोचेपर्यंत गाळाचा ढग विरून गेलेला असतो.

तिसरी अडचण सगळ्यात महत्त्वाची आहे. प्रत्येक कामाचा अहवाल वेगळा असतो. या वर्षी किनारा भरण्याचा, पुढच्या वर्षी पाण्याच्या प्रकल्पाचा, त्यानंतर पाण्यावरच्या नव्या व्हिलांचा. प्रत्येक अहवालात परिणाम 'मर्यादित' किंवा 'तात्पुरता' असू शकतो. प्रवाळ खडकाला मात्र ते वेगवेगळे येत नाहीत. त्याला गाळ, खारट पाणी आणि सांडपाणी एकत्रच सोसावं लागतं. १९९८, २०१६ आणि २०२४ या वर्षांत समुद्र तापल्याने मालदीवचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. अशा आजारातून सावरणाऱ्या प्रवाळांवर 'तात्पुरता' घावही खोल बसतो.

आणि प्रवाळ गेले की लाटा अडत नाहीत आणि किनारा आणखी खचतो. मग पुन्हा पंप येतो. किनारा आणि सांडपाण्याचा नळ हे दोन वेगळे विषय वाटतात, पण दोघांचा हिशेब एकाच खडकाच्या खात्यावर लिहिला जातो.

कधी कधी तर अहवालात नुकसान स्पष्ट लिहिलेलं असूनही काम पुढे जातं. अड्डू इथल्या मोठ्या भराव प्रकल्पाच्या अहवालातच २१ हेक्टर प्रवाळ आणि १२० हेक्टर समुद्री गवत गाडलं जाईल असं नमूद होतं. तो प्रकल्प झाला आणि त्यासाठीचा पैसा भारताच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून आला. मूल्यांकन फक्त माहिती देतं. निर्णय सरकार घेतं.

लक्षद्वीपचा याच्याशी काय संबंध?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींचे लक्षद्वीपमधले फोटो आले, पाठोपाठ 'बॉयकॉट मालदीव'चा ट्रेंड झाला आणि 'आता लक्षद्वीपला चला' अशा पोस्टचा पूर आला. त्याच्या वर्षभर आधीच टाटा समूहातल्या इंडियन हॉटेल्स कंपनीने सुहेली आणि कदमत बेटांवर पाण्यावरच्या व्हिलांसह दोन ताज रिसॉर्ट उभारण्याची घोषणा केली होती.

लक्षद्वीप मालदीवच्याच समुद्री रांगेतलं आहे. तीच प्रवाळ बेटं, तीच सरकणारी वाळू, तोच गोड्या पाण्याचा पातळ थर. फरक आकाराचा आहे. ३६ बेटांचं एकूण क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांहून थोडी जास्त. २०१७ मध्ये समोर आलेल्या एका अभ्यासानुसार, बंगारम भागातलं 'पराली-१' हे निर्जन बेट धुपून पूर्णपणे नाहीसं झालं आहे.

लक्षद्वीपकडे एक वेगळा अनुभवही आहे. कवरत्तीत २००५ पासून चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचा प्रकल्प चालतो. समुद्राच्या पृष्ठभागावरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफेत बदलायचं आणि खोल समुद्रातून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा पाण्यात आणायची, अशी ही पद्धत आहे. क्षमता आहे दिवसाला एक लाख लिटर. यात आरओसारखं तीव्र खारट पाणी तयार होत नाही. बेटाला परवडेल अशी सोय बेटाकडे पाहून शोधता येते, हे यातून दिसतं.

दुसरा मार्ग आहे का?

आहे, पण तो रीलसाठी फारसा देखणा नाही. व्हिला किनाऱ्यापासून मागे बांधायच्या आणि मधला झाडझाडोरा तसाच ठेवायचा, कारण त्याची मुळं वाळू धरून ठेवतात. वाळू बेटाच्या एका टोकाला साचली असेल तर नवा उपसा करण्याऐवजी तीच थोडी इकडे आणायची. सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया करून ते बागेला वापरायचं. आणि प्रत्येक कामाचा सुटा अहवाल मागण्याऐवजी संपूर्ण बेटाचा, पुढच्या वीस-तीस वर्षांचा एकच हिशेब मागायचा.

पर्यटकाच्या हातातही थोडं आहे. बुकिंग करताना पूलचा आकार विचारला जातो, तसंच सांडपाणी कुठे जातं, किनारा शेवटचा कधी भरला आणि समुद्री गवत ठेवलंय का, हेही विचारता येतं. ज्या रिसॉर्टकडे सागरी जीवशास्त्रज्ञ नेमलेला असतो, तिथे या प्रश्नांची उत्तरं मिळतात.

आणि खोलीसमोरची वाळू एखाद्या हंगामात कमी दिसली, तर रिसॉर्टला एक स्टार कमी देण्याआधी बेटाच्या दुसऱ्या बाजूला एक चक्कर मारून यावी. बहुतेक वेळा वाळू तिथे असते आणि वारा फिरला की परत येणार असते.